उंचावरील श्रम आणि प्रथिनांचा हिशेब

शरीर कमवायचे तर प्रथिने भरपूर खावीत, हे वाक्य आज व्यायामशाळेत जाणाऱ्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ते खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु प्रथिनांचे शरीरातील मुख्य काम बांधणीचे आहे की जळणाचे, हा भेद सहसा लक्षात घेतला जात नाही. समुद्रसपाटीवर हा भेद विसरला तरी फारसे बिघडत नाही. तीन-चार हजार मीटर उंचीवर पाठीवर ओझे घेऊन रोज सहा-सात तास चालावयाचे असेल, तर मात्र तो विसरणे महागात पडते. असे का होते, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

या विषयाकडे मी वळले ते एका व्यावहारिक निकडीमुळे. आमच्या महाविद्यालयाच्या गिर्यारोहण मंडळाची तुकडी हिमालयातील पदभ्रमणास जाणार होती. सर्वांत वरचा मुक्काम चार हजार मीटरच्या थोडा वर होता. माझा विषय गृहअर्थशास्त्र, म्हणून शिध्याची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. यादीवरून मंडळात दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की तांदूळ, गूळ, पोहे यांचे वजन कमी करावे आणि त्या जागी प्रथिनांच्या पावडरीचे डबे घ्यावेत, कारण उंचावर स्नायू झिजतात. दुसरा पक्ष घरच्या शिध्याचा होता. वर्गणीची रक्कम बेताची होती आणि प्रत्येक किलो आमच्याच पाठीवर चढणार होता. त्यामुळे या वादाचा निकाल आवडीनिवडीवर न सोडता अभ्यासाने लावणे भाग होते.

जळण कोणते आणि बांधकाम कोणते?

गंमत अशी की नेमका हाच वाद दीडशे वर्षांपूर्वी एका डोंगरावरच सोडवला गेला होता. १८४२ साली प्रसिद्ध जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी असे प्रतिपादन केले की स्नायू काम करतात तेव्हा स्नायूंतील प्रथिनेच खर्ची पडतात. म्हणजे जितके श्रम अधिक तितके प्रथिनयुक्त अन्न अधिक हवे. लीबिग यांचा अधिकार मोठा असल्याने हे मत बराच काळ प्रमाण मानले गेले.

झुरिच येथील दोन प्राध्यापकांनी, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक आणि रसायनशास्त्रज्ञ योहानेस विस्लिसेनुस यांनी, ते तपासून पाहण्याचे ठरविले. ३० ऑगस्ट १८६५ रोजी ते स्वित्झर्लंडमधील ब्रिएंझ सरोवराच्या काठावरून फाउलहॉर्न या शिखरावर चढून गेले. चढाई १९५६ मीटरची होती. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने वर्ज्य केली होती. पिष्ट कालवून चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा, असा त्यांचा मुख्य आहार होता. चढाईच्या व त्यानंतरच्या काही तासांतील मूत्र त्यांनी जपून ठेवले व त्यातील नत्राचे प्रमाण मोजले. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा असतो. म्हणून बाहेर पडलेल्या नत्रावरून शरीरात किती प्रथिने मोडली गेली, याचा हिशेब करता येतो.

तो हिशेब आपणही करून पाहू. फिक यांचे वजन ६६ किलो होते. ६६ किलो वजन १९५६ मीटर वर नेण्याचे काम १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर होते. उष्णतेच्या भाषेत ते सुमारे ३०० उष्मांक भरते. फिक यांच्या शरीरात त्या काळात मोडलेली प्रथिने भरली अवघी ३७ ग्रॅम. एका ग्रॅमला ४ उष्मांक धरले, तर त्यांपासून १५० उष्मांकही पुरे मिळत नाहीत. शिवाय स्नायू हे काही पूर्ण कार्यक्षम यंत्र नव्हे. खर्ची पडलेल्या शक्तीपैकी सुमारे एक चतुर्थांशच प्रत्यक्ष कामी येते. म्हणजे खरा खर्च १२०० उष्मांकांच्या घरात गेला आणि त्यातील प्रथिनांचा वाटा जेमतेम अष्टमांश ठरला. उरलेले जळण अर्थातच पिष्टमय व स्निग्ध पदार्थांचे होते. पुढच्याच वर्षी फिक यांचे मेहुणे एडवर्ड फ्रँकलंड यांनी निरनिराळ्या अन्नपदार्थांची उष्णता प्रत्यक्ष मोजली आणि या निष्कर्षाला बळकटी आली.

पुढील संशोधनाने हेच अधिक काटेकोरपणे सांगितले आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमात प्रथिनांचा जळणातील वाटा सामान्यतः ५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. स्नायूंत व यकृतात साठवलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, संपत आले की तो वाढतो. चुलीतले सरपण संपल्यावर घराचे वासे काढून जाळावेत, तसा हा प्रकार होय.

उंचीचा परिणाम

हवेत प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीवर तो ७६० मिलिमीटर असतो. ४००० मीटरवर त्याच्या सुमारे ६० टक्के उरतो आणि साडेपाच हजार मीटरच्या आसपास निम्मा होतो. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही कमी. माणसाची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता साधारणपणे १५०० मीटरनंतर दर हजार मीटरला सुमारे १० टक्क्यांनी घटते. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर जेथे संपते, त्याच्या आसपास ही घट कोठे सुरू होते. सह्याद्रीत कितीही गड पालथे घातले, तरी विरळ हवेची ओळख तेथे होत नाही ती यामुळेच.

प्राणवायूची टंचाई असली की तो कोणत्या जळणावर खर्च करावा, याला महत्त्व येते. एक लिटर प्राणवायू वापरून पिष्टमय पदार्थांपासून सुमारे ५ उष्मांक मिळतात, स्निग्ध पदार्थांपासून सुमारे ४.७ आणि प्रथिनांपासून सुमारे ४.५. म्हणजे प्राणवायूच्या हिशेबाने सर्वांत महाग जळण प्रथिनांचेच. त्यात आणखी एक खर्च आहे. अन्न पचवून शरीरात सामावून घेण्यासाठीही शक्ती लागते. पिष्टमय पदार्थांत ती मिळणाऱ्या शक्तीच्या ५ ते १० टक्के असते, तर प्रथिनांत २० ते ३० टक्के. आधीच धापा टाकणाऱ्या शरीरावर हा बोजा लहान नव्हे.

भूक मरते आणि वजन उतरते

मंडळातील पहिल्या पक्षाचे एक म्हणणे मात्र पूर्ण खरे होते. उंचावर स्नायू झिजतात. १९६०-६१ साली नेपाळमध्ये आमा दब्लाम शिखराच्या परिसरात, सुमारे ५८०० मीटर उंचीवर, चंदेरी रंगाची एक लाकडी झोपडी उभारून शास्त्रज्ञांनी तेथे हिवाळा काढला होता. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू हे या प्रयोगाचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. झोपडीत ऊब होती, अन्न होते. तरीही तेथे राहणाऱ्यांचे वजन आठवड्याला अर्धा ते दीड किलो या गतीने उतरतच राहिले.

थंडी आणि कष्ट यांमुळे हे होते काय? या शंकेचे निरसन १९८५ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने केले. चार्ल्स ह्यूस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटिक या गावातील लष्करी प्रयोगशाळेत आठ निरोगी तरुणांना एका बंद कक्षात ठेवले. ४० दिवसांत कक्षातील हवेचा दाब हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याइतका उतरविला. त्यांतील सहा जण शेवटपर्यंत टिकले. कक्षात बर्फ नव्हते, वारा नव्हता आणि आवडीचे अन्न हवे तेवढे मिळत होते. असे असूनही त्यांचा आहार रोजच्या ३१३६ उष्मांकांवरून १७८९ उष्मांकांवर, म्हणजे ४३ टक्क्यांनी खाली आला. वजन सरासरी ७.४ किलोने घटले आणि या घटीचा मोठा भाग चरबीचा नसून चरबीविरहित वजनाचा, मुख्यतः स्नायूंचा होता. प्राणवायूची टंचाई एवढे एकच कारण भूक मारावयास पुरेसे आहे, हे यावरून दिसते.

येथे कोणी म्हणेल की कदाचित उंचावर प्रथिने नीट पचत नसतील. ही शंकाही तपासली गेली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ५००० मीटर उंचीवर प्रथिनांचे शोषण जवळजवळ समुद्रसपाटीइतकेच चांगले होते असे आढळले. आतड्याची कुरकूर नाही. अडचण आहे ती घास तोंडात जाण्याचीच.

प्रथिने दुप्पट केली तर?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आहार अपुरा पडत असेल, तर त्यातील प्रथिने वाढवून स्नायू वाचवता येतील काय?

समुद्रसपाटीवर याचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात स्वयंसेवकांच्या शक्तीच्या हिशेबात रोज ४० टक्के तूट ठेवली होती. वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांपेक्षा १.६ ग्रॅम घेणाऱ्यांचे स्नायू अधिक टिकले. २.४ ग्रॅम घेतल्याने मात्र त्याहून जास्त लाभ दिसला नाही.

हाच प्रश्न पुढे कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेण्यात आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सतरा पुरुष तीन आठवडे शिखरावरील प्रयोगशाळेत राहिले. त्यांच्याही हिशेबात ४० टक्के तूट ठेवली होती. एका गटाला दर किलो वजनामागे सुमारे १ ग्रॅम आणि दुसऱ्याला सुमारे २ ग्रॅम प्रथिने दिली. वजन सरासरी सुमारे ८ किलोने उतरले. दुप्पट प्रथिने घेणाऱ्या गटाचे स्नायू पहिल्या गटापेक्षा अधिक वाचले नाहीत. समुद्रसपाटीवर लागू पडलेला उपाय विरळ हवेत, एवढ्या मोठ्या तुटीपुढे, निष्प्रभ ठरला.

याच शिखरावर त्यापूर्वी झालेला आणखी एक प्रयोग मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. सात तरुण तेथे तीन आठवडे राहिले. विश्रांतीच्या स्थितीतील त्यांचा शक्तीचा खर्च दुसऱ्या दिवशी २७ टक्क्यांनी वाढला आणि पुढे तो १७ टक्के जादा या पातळीवर स्थिरावला. नुसते बसून राहिले तरी शरीर तेथे अधिक जळण मागते, असा याचा अर्थ. संशोधकांनी या वाढीव गरजेइतके अन्न त्यांना आग्रहाने दिले, तेव्हा वजनाची घट अगदी थोड्यावर आली आणि शरीरातील नत्राचा तोलही सावरला. येथे स्नायू वाचले ते पोटभर जेवणाने.

या दोन प्रयोगांचा मेळ घातला की निष्कर्ष स्पष्ट होतो. शक्तीची मोठी तूट असेल, तर खाल्लेली प्रथिनेही शरीर बांधकामाला न लावता चुलीत घालते. जळण पुरेसे असेल, तर प्रथिने आपल्या कामाला मोकळी राहतात. पिष्टमय अन्न प्रथिनांची राखण करते, ते असे.

साठ किलोच्या विद्यार्थ्याचा हिशेब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुचविलेले प्रौढांसाठीचे प्रथिनांचे प्रमाण दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. साठ किलोच्या विद्यार्थ्याला ते सुमारे ५० ग्रॅम होते. दीर्घकाळ दमछाकीचा व्यायाम करणाऱ्यांना साधारणपणे १.२ ते १.६ ग्रॅम सांगितले जातात. म्हणजे ७२ ते ९६ ग्रॅम. हे लक्ष्य पावडरीवाचून गाठता येते काय, ते पाहण्यासाठी मी एका माणसाचा एका दिवसाचा कोरडा शिधा मांडला.

पोहे १०० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, दुधाची पावडर ५० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, शेंगदाण्याची चिक्की ५० ग्रॅम, फुटाणे ५० ग्रॅम, तांदूळ १५० ग्रॅम, मुगाची किंवा मसुरीची डाळ ७० ग्रॅम, साखर व गूळ मिळून १०० ग्रॅम आणि तेल-तूप ५० ग्रॅम. या सर्वांची बेरीज सुमारे ३३०० उष्मांक आणि ८७ ग्रॅम प्रथिने होते. म्हणजे ज्याला आपण साधा शिधा म्हणतो, तो पुरता खाल्ला तर प्रथिने आपोआप पुरी पडतात. भातासोबत डाळ असल्याने एकीतील उणीव दुसरे भरून काढते. वरणभाताची ही जोडी आपल्या आजीला आहारशास्त्र न शिकताही ठाऊक होती.

आता उलट बाजू पाहू. नेटिकच्या कक्षातील तरुणांप्रमाणे याच विद्यार्थ्याचा आहार ४३ टक्क्यांनी घटला, तर त्याच्या पोटात सुमारे १८८० उष्मांक आणि ५० ग्रॅम प्रथिने जातील. त्याने वर एक चमचा, म्हणजे ३० ग्रॅम, पावडर घेतली असे धरू. प्रथिने ७५ ग्रॅमच्या जवळ जातील आणि कागदावर आकडा सुरेख दिसेल. परंतु १४२० उष्मांकांच्या तुटीपैकी भरून निघाले फक्त १२०. मोठे भगदाड तसेच उघडे राहिले. त्याऐवजी १०० ग्रॅम गूळ आणि ५० ग्रॅम शेंगदाणे वाटेत थोडे थोडे चघळले, तर साडेसहाशेहून अधिक उष्मांक मिळतात आणि १२ ग्रॅम प्रथिनेही पदरात पडतात. प्रथिनांनी पोट लवकर भरल्यासारखे वाटते, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. सपाटीवर वजन उतरवू पाहणाऱ्याला हा गुण, पण उंचावर मुळातच भूक नसलेल्याला तो अडथळा.

शिजण्याची अडचण

शाकाहारी माणसाची बरीचशी प्रथिने डाळीत असतात आणि उंचावर डाळच शिजत नाही, ही खरी मेख आहे. हवेचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते आणि ४००० मीटरवर आणखी एक-दीड अंश खाली. भांड्यातले पाणी खदखदत असते, पण तुरीची डाळ दाताखाली कचकचते. यास उपाय प्रेशर कुकरचा. तो जड असला तरी त्याचे ओझे इंधनाच्या बचतीतून वसूल होते. त्याशिवाय तुरीऐवजी मूग किंवा मसूर घ्यावी आणि आधीच भाजलेले, शिजवावे न लागणारे पदार्थ बरोबर ठेवावेत. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, मेतकूट, सातूचे पीठ ही आपल्याकडची नावे. लडाखमध्येही भाजलेल्या सातूचे पीठ लोणी घातलेल्या चहात कालवून खाण्याची जुनी चाल आहे. दोन्हीकडच्या माणसांनी कमी जळणात पोट भरण्याची युक्ती शोधली, ती जवळपास एकच निघाली. मांसाहार करणाऱ्यांना अंडी सोयीची, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. पण ती वाटेत फुटतात, म्हणून पायथ्याच्या गावापर्यंतच त्यांचा भरवसा.

पाण्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. प्रथिनांतील नत्र युरियाच्या रूपाने बाहेर टाकण्यासाठी पाणी लागते आणि उंचावरील कोरड्या हवेत जलद श्वासावाटे ते आधीच पुष्कळ जाते. प्यू यांनी गिर्यारोहकांना भरपूर पाणी पिण्याचा आग्रह धरला होता, तो उगीच नव्हे. दिवसाकाठी तीन लिटरपर्यंत द्रव पदार्थ पोटात जावेत. चहा, सार, पातळ वरण हे सर्व त्यात धरावे. तसेच उंचावर शरीर नव्या तांबड्या पेशी तयार करू लागते. त्यांतील हिमोग्लोबिन हे स्वतः प्रथिन आहे, पण ते बनण्यास लोहही लागते. आपल्याकडे मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी काही आठवडे रक्ताची तपासणी करून घेणे हे कोणत्याही डब्यापेक्षा उपयोगी, असे मला वाटते.

निष्कर्ष

या सर्वांचा अर्थ प्रथिने गौण आहेत, असा कोणी घेऊ नये. झिजलेला स्नायू पुन्हा भरून काढणारे दुसरे द्रव्य नाही. ती दिवसभरात विभागून, दर जेवणात थोडी थोडी घ्यावीत. मुक्कामाला पोहोचल्यावर दुधाचा पेला किंवा वाटीभर दाट वरण घेतल्यास उत्तमच. ज्याला दूध चालत नाही किंवा डाळ सोसत नाही, अशाने थोडी पावडर बाळगण्यासही हरकत नसावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत. मुद्दा आहे तो क्रमाचा. आधी जळण, मग बांधकाम.

आमच्या यादीतून डबे वगळले गेले. एका डब्याच्या किमतीत सगळ्या तुकडीची दहा दिवसांची डाळ येऊन वर पैसे उरत होते, हा हिशेब मांडल्यावर वाद फार काळ टिकला नाही. उरलेल्या रकमेत गूळ, चिक्की आणि लिंबाचे लोणचे वाढविले. लोणच्याने तोंडाला चव येते, आणि उंचावर चव ही चैन नसून गरज आहे.

यादीच्या शेवटी मी एक सूचना जोडली आणि ती मंडळाने कायम ठेवावी अशी माझी विनंती आहे. प्रत्येक तंबूतील एकाने आपल्या सोबत्याच्या ताटाकडे रोज लक्ष ठेवावे. ज्याचे ताट अर्धे परत जाते, त्याला आधी डोके दुखते का, मळमळते का, हे विचारावे. भूक मरणे हे उंचीच्या विकाराचे पहिले लक्षण असू शकते. तसे असेल तर त्याने आणखी वर चढू नये आणि त्रास वाढला तर त्याला विनाविलंब खाली आणावे. शिखर जागचे हलत नाही. पुढल्या वर्षी ते तेथेच असते.